नाव खंय गेलां?

पितळेचा डबा तीन दिवस फडताळात पालथा आहे. झाकण वेगळं, भिंतीकडे तोंड करून. दिसलं की अंगठा तिकडेच जातो, म्हणून.

अक्का फार काही बोलल्या असंही नाही. ओटीवर टेकल्या, डबा मांडीवर घेतला, कडी दोनदा खालीवर केली आणि झाकणावरून अंगठा फिरवत राहिल्या. नजर बाहेर पावसाकडे. शोधत होता तो अंगठा. "नाव खंय गेलां गो?" मी म्हटलं, बफला, म्हणजे चाकावर पॉलिशला दिला होता, त्यात झाकणावरचं नाव गेलं. "मगे ह्यां आता कोणाचां?" चहा संपवला, छत्री उचलली, गेल्या.

कोणाचां म्हणजे काय? माझा. मोडीच्या ढिगातून मी काढला, किलोवर पैसे मोजले. नाहीतर एव्हाना वितळून नळाच्या तोट्या झाल्या असत्या त्याच्या. हे उत्तर अक्कांना त्या दिवशी द्यायला हवं होतं. मी ते तीन दिवस भांडी घासताना देतेय.

डबा चांगला आहे, त्यात वाद नाही. नऊ इंची, कडीचा, झाकणासकट दोन किलोला थोडा कमी. चुंबक लावून पाहिलं होतं. लोखंडावर पितळेचा मुलामा असता तर चिकटलं असतं. काठात तार घालून पत्रा तिच्यावर वळवलेला. कडीची भोकं लांबट झिजलेली, कारण कडी वर्षानुवर्षं एकाच बाजूला पडली की भोक गोल राहत नाही. नव्या मालाला ॲसिड लावून जुना करतात, त्याचा काळेपणा सगळीकडे सारखा असतो, खोबणीत आणि उंचवट्यावर एकच. खऱ्या जुन्या भांड्याचा काळेपणा हात न पोचणाऱ्या जागी असतो आणि धरायची जागा उजळ असते. बुडाचे ओरखडे आडवेतिडवे हवेत. सगळे एकाच दिशेचे असले तर ते कानशीचे. हे सगळं ढिगाशी उकिडवं बसून बघितलं आणि मोबाइलवर अकरा फोटो काढले. कडीचा, काठाचा, बुडाचा, काळपट हिरव्या रंगाचा तर चार. नावाचा एकही नाही.

झाकणावर दोन ओळी होत्या. वरची मधल्या फुगीर भागावर, 'चि. सौ. कां.' अशी सुरू होणारी. खालची काठाला लागून, आणि ती अजून आहे, कारण काठाच्या खाचेत बफचं चाक पोचत नाही. 'हिस मामाकडून सप्रेम भेट. शके १८७६.'

शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १९५४. लग्न माघ-फाल्गुनातलं असेल तर ७९, कारण तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं. 'चि. सौ. कां.' असलं की भांडं रुखवतातलं किंवा लग्नाच्या आहेरातलं. नुसतं 'सौ.' असेल तर नंतरचं, डोहाळजेवण म्हणा, मंगळागौर म्हणा. 'कै.' आणि 'स्मरणार्थ' असेल तर कुणाच्या तरी पाठीमागे वाटलेलं. 'श्री देव' अशी सुरुवात असलेलं भांडं मी घेत नाही. ते घरातून नाही, देवळाच्या भांडारातून निघालेलं असतं, आणि कसं निघालं हे विचारायची माझी छाती नाही. पूर्वी भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन नाव घालून द्यायचे, टिंबाटिंबांनी. पुढे विजेचं पेन आलं. त्याची रेघ सलग आणि उथळ असते, अक्षर थरथरल्यासारखं दिसतं. टिंबांचं अक्षर पाहिलं की भांडं पेनाच्या आधीचं असण्याचीच शक्यता जास्त.

म्हणजे वाचता सगळं येतं मला. वेळेवर वाचत नाही एवढंच.

घोळ कल्हईपासून सुरू झाला. डबा नुसता शोभेला ठेवला असता तर काहीच करावं लागलं नसतं. पण त्यात लाडू भरायचे होते, आणि बिनकल्हईच्या पितळेत तूप हिरवं पडतं, ताक-आमटी कळकते. म्हणून कल्हई. भांडं आतून घासून लख्ख करतात, भट्टीवर फिरवत तापवतात, नवसागराची चिमूट टाकतात, पांढरा धूर उठला की कथलाची पट्टी आतून टेकवतात आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने क्षणात सगळीकडे पसरवतात. नवसागर धातूवरचा मळ काढतो. त्याशिवाय कथील धरत नाही, पाऱ्यासारखं गोळे होऊन पळतं. कथील २३२ अंशांना वितळतं. भांडं त्याच्या फार वर गेलं की कल्हई पिवळी-निळी पडते, तेवढं तापलंच नाही तर जाडजूड ढिपळं राहतात. कथील शुद्ध आहे का ते बघायला त्याची कांडी कानाशी धरून वाकवायची. शुद्ध कथील करकरतं. शिसं जास्त असेल तर मुकाट वाकतं आणि कागदावर ओढलं तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. तसल्या कल्हईत लाडू ठेवण्यापेक्षा प्लास्टिकचा डबा परवडला.

हे सगळं बघून, कांडी स्वतः वाकवून करून घेतलं. भट्टीवरून उतरलेलं भांडं बाहेरून काळं होतंच. ते चिंचेने निघतं, पण एक सबंध सकाळ जाते. गणपतीला मुंबईची मंडळी यायच्या आत मला तो फडताळात दिसायला हवा होता, लाल कोब्याच्या जमिनीवर उन्हाची तिरीप येते त्या अंगाला, बाजूला लामणदिवा, वर इरकलीच्या काठाचा पडदा. मीच म्हटलं, बफ मारून द्या. त्या माणसाने विचारलंही, "सगळा?" मी म्हटलं, "सगळा."

बफचं चाक म्हणजे कापडाच्या चकत्यांचा गठ्ठा. त्याला पॉलिशची वडी चोपडायची आणि मोटरवर फिरवायचं. चकाकी चढते असं आपण म्हणतो. चढत काहीच नाही, वरचा धातू निघून जातो. उंच भाग आधी जातो, म्हणून झाकणाचा फुगवटा आधी. टिंबाची खोली ती केवढी, नखाला जेमतेम लागेल एवढी. आधी त्याच्या कडा गोल होतात, मग खोली जाते, आणि त्याच्याही आधी जातो तो टिंबातला काळेपणा. ती खरी शाई. सत्तर वर्षांची राख, चिंच, तेलकट बोटं मिळून ती झालेली असते. तीच गेली की टिंब असूनही नाव दिसत नाही.

नाव असलेलं भांडं कसं उजळायचं हेही मला पाठ आहे, म्हणून जास्त लागतं. लिंबाएवढी चिंच वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास. चिंच नसेल तर सोलकढीची उरलेली आमसुलं चालतात. मीठ घालू नये. आपल्याकडच्या हवेत ते आधीच आहे. मऊ फडक्याने दोन-तीन मिनिटं, जास्त नाही, कारण आंबट फार वेळ राहिलं तर पितळेतलं जस्त निघतं आणि भांड्यावर गुलाबी डाग येतात. अक्षरांवर काथ्या नाही, तारेची घासणी नाही, खरखरीत पावडर तर नाहीच. तिची पांढरी पूड टिंबांत बसते आणि नाव रांगोळीसारखं दिसतं. बसलीच तर जुन्या मऊ टूथब्रशने ओलं करून काढायची. मग गोड्या पाण्याने दोनदा धुवायचं, विहीर मचूळ असेल तर प्यायच्या पाण्याने, आणि लगेच पुसून चुलीशी किंवा उन्हात वाळवायचं. खोबरेल लावू नये. सगळे लावतात, आणि सहा महिन्यांनी ते खवट होऊन भांडं हिरवं करतं. लावायचंच तर मधाच्या पोळ्याच्या मेणाचा पातळ हात.

हिरवा रंगही दोन जातींचा. गुळगुळीत, गडद, नखाने न निघणारा असेल तर राहू द्यावा. फिकट, पुडीसारखा, टोचलं की भुरभुरणारा असेल तर तो मिठामुळे आलेला, आणि दमट हवेत तो आत आत जातो. असं भांडं पावसाळ्यात इतर भांड्यांपासून लांब, कोरडं ठेवावं.

इतकं माहीत असून 'सगळा' म्हटलं.

बरं, घराघरांतून पितळ मोडीत गेलं आणि स्टील आलं, तेव्हा कुणाचा अंगठा नाव शोधत होता? जरीची लुगडी बोहारणीला दिली, तिने एक पातेलं दिलं. खरी जर जाळून तिची चांदी काढली गेली. त्याबद्दल कुणी विचारत नाही. मी चार वस्तू उचलून आणते, धुते, वेखंड घालून ठेवते, तर झाडाझडती माझी. आईचे रुखवतातले डबे कधी गेले, कोणी दिले, हे मी आईला कधी विचारलं नाही. ते असो.

काल पावसाने पडवीची दोन कौलं घसरली, ती बदलताना एक उलटं करून पाहिलं. पोटावर कारखान्याचं नाव, ठसठशीत, इंग्रजीत. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा पहिला कारखाना काढला १८६५ मध्ये, आणि तेव्हापासून त्या बाजूच्या कौलांच्या पोटावर नावं आहेत. कौलावर शेवाळ चढलं, माकडं नाचली, खारा वारा, इतके पावसाळे. नावाला काही झालेलं नाही. कच्च्या मातीत दाबलं आणि मग भाजलं की ते जात नाही. पितळेवर नाव थंड पत्र्यावर ठोकून घालायचे. कारखाना हुशार, मामा भोळा.

पण थंड पत्र्यावर ठोकण्याचा एक गुण आहे आणि तो मला कौल हातात असताना आठवला. पत्रा पातळ असेल तर बाहेर जिथे टिंब बसतं तिथे आतून बारीक फुगवटा येतो. बाहेरचं बफने गेलं तरी आतला राहू शकतो, कारण बफ आत गेलाच नव्हता. कल्हईचा थर वर बसलाय, पण तो फार पातळ.

झाकण उलटं करून खिडकीशी नेलं. उजेड तिरका, जवळजवळ पत्र्याला समांतर हवा. टॉर्च असेल तर ती काठाशी आडवी धरायची. दिसलं काहीच नाही. मग पतंगाचा कागद आतून ताणून धरला आणि बोथट पेन्सिल आडवी करून हलकी फिरवली. हात जड झाला तर सगळंच काळं होतं, म्हणून तीन कागद फुकट गेले. चौथ्यावर ठिपके आले, उलटे. कागद पाठीकडून काचेला धरला की सुलटे. छिन्नी जिथे जोरात बसली होती तेवढेच उमटलेत. सुरुवातीला 'चि.'ची वेलांटी. मध्ये मोठी पोकळी. शेवटी एक अक्षर, पुरं, नीट ओळखू येणारं.

ई.

अर्धा तास मी त्या ई कडे बघत होते. बाई असेल. ताई असेल. नुसती जाई, सई, माई असेल. १९५४ सालच्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीत, तेव्हा सगळा एकच जिल्हा, लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलींत ई नसलेली शोधावी लागेल. चार कागद आणि एक पेन्सिल खर्चून मी संशयितांच्या यादीतून फार तर एखादी शांता वगळली आहे.

अक्कांना संध्याकाळी कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट केला. "बाई आसतली," म्हणाल्या. मग डब्याकडे बघून, "तुझां घाल मगे नाव. वर जागा आसा मा."

जागा आहे खरी. घासून पुसून गुळगुळीत, आरशासारखी. बाजारात विजेच्या पेनाने नाव घालून देतात. फक्त खालची ओळ तशीच राहील, म्हणजे मी 'हिस मामाकडून सप्रेम भेट, शके १८७६', जन्माच्या कितीतरी आधी. माझ्या लग्नात दोन्ही मामांनी पाकिटं दिली होती. त्यावर नाव मामांचंच होतं, बॉलपेनने.

डबा आज सरळ केला. लाडवांचा अजून पत्ता नाही, तूर्त त्यात पोहे भरलेत. ई चा कागद चौकोनी घडी करून झाकणात, आतल्या बाजूला ठेवलाय. पावसाळ्यात तिथेच कोरडा राहील.