झाडांची तब्येत आणि एका वर्षाची परवानगी

झाडाची तब्येत एका वर्षात कळत नाही, हे मी वनविभागाच्या कार्यालयात इतक्यांदा सांगितलं की आजही आठवलं तरी डोकं तापतं. नागपूरजवळच्या सागाच्या जंगलात आम्ही ठरावीक झाडांना नंबरचे बिल्ले लावलेत. दरवर्षी त्याच झाडांच्या नोंदी घेतो: जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडाचा घेर, शेंडा वाळलाय का, पानोरा, म्हणजे झाडाचा पानांचा पसारा, किती विरळ झालाय. पहिल्या वर्षी सगळं सुरळीत पार पडलं.

पण जंगलात हे काम करायची परवानगी एकाच वर्षाची होती. अडलं मुदतवाढीला. अर्जात रकाना होता, ‘काम पूर्ण होण्याचा दिनांक’. पाच वर्षांनंतरची तारीख लिहिली तर त्रुटी काढून फाईल परत. एकच वर्ष लिहिलं तर प्रश्न, मागच्या वर्षी काम पूर्ण का झालं नाही? टेबलावरचे बाबू म्हणाले, ‘‘झाडं कुठं पळून चालली? दिवाळीनंतर मोजा ना भाऊ.’’

त्यांना कसं समजवावं? सागाच्या पानांची जाळी करणारी अळी पावसाळा सरताना जोरात असते. हिरवा भाग खाऊन ती नुसत्या शिरा ठेवते. पुढे थंडी ओसरताना निरोगी सागाचीही पानं गळतात. उघड्या झाडाकडे बघून अळीनं किती खाल्लं होतं, हे कोण सांगणार? घेर उशिरा मोजला तर दोन वर्षांची वाढ एकत्र तरी मिळते. पानांची नोंद हुकली की हुकलीच. फाईल टेबलावर असतानाच तो हंगाम गेला. आमच्या वहीत त्या वर्षीचा तो रकाना कोराच आहे, आणि याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी एका पानावर महिनेवार तक्ता काढला: नवी पालवी कधी, अळी कधी, पानगळ कधी, आणि दरवर्षी अंतरिम अहवाल कधी देणार. तो वरिष्ठांपुढे ठेवला. त्यांनी वाचला, आणि अनेक वर्षांची परवानगी एकदम दिली! तेव्हा असं काम करणार असाल, तर असा तक्ता पहिल्याच अर्जाला जोडा. कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याचा नंबर, नकाशावर दाखवा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका, अर्ज उन्हाळ्यातच टाका.

आणि हो, बिल्ल्याचे खिळे ॲल्युमिनियमचेच घ्या, पूर्ण ठोकू नका. खोड जाड होत जातं आणि बिल्ला गिळतं. पानोऱ्याचा अंदाज दोघांनी वेगवेगळा लिहून मग ताडून पाहा, आणि दरवर्षी शक्यतो तेच दोघे असू द्या.