डब्यासाठी दोन महिने

मुलगा जपानमध्ये पहिलीत गेला. प्रवेशाचं काम एका सकाळीच उरकलं, डब्याला मात्र दोन महिने लागले. इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत सगळी मुलं वर्गातच 'क्यूशोकु', म्हणजे शाळेचं जेवण जेवतात. आम्ही रत्नागिरीकडचे मुसलमान. हलालचं सांगितलं की झालं, असं मला वाटलं होतं.

फॉर्मवर रकाना फक्त ॲलर्जीचा, तोही डॉक्टरच्या कागदासकट. मी तिथे 'धार्मिक कारण' लिहिलं. नगरपालिकेने शाळेकडे पाठवलं, शाळेने शिक्षण मंडळाकडे, मंडळाने परत शाळेकडे. ॲलर्जीसाठी शिक्षण मंत्रालयाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, म्हणून तिथे काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. धर्माचं ज्या त्या नगरपालिकेवर आणि शाळेवर. कोणी नाही म्हणेना, हो पण म्हणेना. ते अजून सलतं. तोवर माझं पोर नुसता भात खाऊन, दूध पिऊन घरी यायचं आणि दारातच विचारायचं, "अम्मी, काय आहे खायला?"

एक भाभी म्हणाल्या, "ॲलर्जी लिहून टाक, सुटशील." मी नाही लिहिलं, तुम्हीही लिहू नका. चुकून एक घास गेला तर शिक्षक ॲम्ब्युलन्स बोलावतील, आणि पोराला रोज खोटं सांभाळावं लागेल.

काम झालं ते मेनूच्या कागदामुळे. महिन्याचा मेनू घटकांसकट मागा, देतात. मी लाल पेन्सिलने खुणा केल्या: करीत डुकराची चरबी, सूपमध्ये हॅम, भाजीत मिरिन, म्हणजे स्वयंपाकात घालायची तांदळाची गोड दारू. बावीस दिवसांत कोरे राहिले चार. आहारतज्ज्ञ बाईंना वाटत होतं, डुक्कर टाळलं की पुरे; कोंबडीही हलाल लागते हे त्यांना तेव्हा कळलं. कागद बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "रोज घरूनच आणा." दुधाचे तेवढे पैसे भरतो.

आपल्यातलेही पुष्कळजण दुकानातल्या पदार्थांच्या लेबलवर 'बुता', म्हणजे डुक्कर, एवढंच शोधतात. ॲलर्जीच्या नियमांत डुकराचं मांस आणि जिलेटिन सक्तीच्या यादीत नाहीत, नुसत्या शिफारशीच्या यादीत आहेत. म्हणून ॲलर्जीच्या चौकटीत नाव नाही म्हणजे पदार्थात नाही, असं धरू नका. सोया सॉसवर 'शुसेई' दिसलं तर ते अल्कोहोल. हलालचा शिक्काही इथे सरकारचा नसतो, खासगी संस्थांचा असतो. कोणाचा आहे ते बघून घ्या.

मेनूचा कागद मी अजून मागते. त्यांच्याकडे करी असेल त्या दिवशी आमच्या डब्यातही करीच असते.