पत्र्याखालचे चौदा चौकोन

दसऱ्याला आठवडा होता. मालवणात धक्क्याजवळ माझं पेंटिंगचं दुकान आहे. निम्मं काम होड्यांवरच्या नावांचं, उरलेलं खानावळींच्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या बोर्डांचं. सकाळी शटर वर करतोय तोच केबलवाले तात्या टेम्पोतून एक पत्रा घेऊन उतरले. चार फूट बाय अडीच फूट, लोखंडी चौकटीतला. लांबूनच ओळखला मी तो. कित्येक वर्षं त्यांच्या केबलच्या ऑफिसवर टांगलेला होता. केबलचा धंदा त्यांनी बंद केला, आता तारकर्लीला राहत्या घरीच पर्यटकांच्या जेवणाची सोय करायची होती.

“माका नवो पत्रो नको, झिला. ह्योच घास आणि ह्याच्यारच लिव.”

बोर्डावर वरच्या बाजूला कार्टून नेटवर्कचा लोगो होता. तात्यांच्या गिऱ्हाइकांत पोरांचं राज्य. कनेक्शन घ्यायला बाप यायचा, पण हट्ट पोरांचा असायचा. त्यामुळे चॅनलने लोगो बदलला की तात्या बोर्ड बदलून घ्यायचे.

सगळ्यात वर स्टिकर होता. काळ्या चौकोनात पांढरा ‘सी’, शेजारी पांढऱ्या चौकोनात काळा ‘एन’, खाली बारीक अक्षरांत पूर्ण नाव. चॅनलने हा लोगो अमेरिकेत २९ मे २०१० ला आणला, आपल्याकडे त्यानंतर आला. त्या वेळी चॅनलवरच्या जाहिरातींत या चौकोनांत निळसर सायन, मॅजेंटा आणि पिवळा असे रंग भरलेले दिसायचे. फ्लेक्सच्या मशीनमध्ये काळ्याच्या जोडीला आम्ही ज्या तीन शाया भरतो, तेच रंग. म्हणून तो लोगो मला छापखान्यातल्या माणसाने केल्यासारखा वाटायचा. खारी हवा लागून स्टिकर आक्रसला होता, ब्लेडने कड उचलली आणि ओढला तर अख्खा सुटून हातात आला.

त्याच्याखाली माझंच काम निघालं. दोन तिरके ठोकळे, एक काळा, एक पांढरा, त्यांवर तीच दोन अक्षरं. हा १४ जून २००४ चा बदल. आधीचा लोगो सपाट होता, यात एकदम जाडी आली, बाजू आल्या, सावली आली. तो रंगवताना माझ्याकडे नमुना नव्हता. तात्यांच्या टीव्हीसमोर स्टूल टाकून बसलो होतो आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या चिन्हावरून वहीत उतरवत होतो. ठोकळ्याची कोणती बाजू उजेडात आणि कोणती अंधारात, हे तेवढ्याशा चित्रात कळेना. दोन्ही ठोकळ्यांच्या सावल्या मी वेगवेगळ्या दिशांना टाकल्या. वर स्टिकर लागेपर्यंत ती चूक भर रस्त्यावर होती आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं.

स्क्रॅपर लावला तर माझा रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघायला लागला. कारण मला माहीत होतं. तेव्हा घाईत पॉलिशपेपर न मारताच जुन्या ऑइलपेंटवर नवा चढवला होता. गुळगुळीत रंगाला दुसरा रंग धरून राहत नाही. पण त्याच घाईमुळे खालचं सगळं शाबूत राहिलं होतं.

खाली चौदा चौकोन होते.

सात वर, सात खाली. ‘कार्टून’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सात अक्षरं, ‘नेटवर्क’मध्येही सातच. एक चौकोन काळा, एक पांढरा, बुद्धिबळाच्या पटासारखे, आणि प्रत्येकात उलट रंगाचं एक जाड कॅपिटल अक्षर. १ ऑक्टोबर १९९२ ला चॅनल सुरू झालं तेव्हाचा हा मूळ लोगो. भारतात चॅनल आलं १९९५ साली, १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी. तेव्हा ते टीएनटी या सिनेमांच्या चॅनलच्या जोडीने दिसायचं, दिवसा कार्टून आणि नंतर जुने इंग्रजी सिनेमे.

हे चौकोन माझ्या उस्तादांच्या हातचे. मी त्यांच्याकडे ब्रश धुवायला होतो. ते नीळ लावलेला दोरा ताणून पत्र्यावर सूत मारायचे. पांढऱ्या चौकोनांच्या कडेला ती निळी रेघ अजून केसासारखी दिसत होती. पट्टी लावून पाहिली. प्रत्येक चौकोन सहा इंच, पहिला आणि चौदावा दोन्ही. कॉम्प्युटर नसलेल्या पेंटरला बिनचूक काढता येईल असा याहून चांगला लोगो मी पाहिलेला नाही. माप एकच, रंग दोन, बाकी सगळं सुताच्या जोरावर. निकलोडिऑन या पोरांच्याच दुसऱ्या चॅनलचा १९८४ चा लोगो, नारिंगी डाग, याच्या अगदी उलटा. तिथे रंग आणि अक्षरं पक्की, डागाचा आकार मात्र हवा तसा बदलायचा. तो मी एका बालवाडीच्या भिंतीवर माशाच्या आकारात काढला होता. तो लोगोही चॅनलने २००९ मध्ये काढून टाकला आणि २०२३ मध्ये परत आणला. कार्टून नेटवर्कही ठोकळ्यांवरून पुन्हा सपाट चौकोनांवरच आलं ना!

तात्या चहा घेऊन आले आणि पत्र्यापुढे उभेच राहिले. मग म्हणाले, “ह्या घासू नको. पत्रो उलटो कर, मागच्या अंगार लिव. पण असाच लिव, चौकोनात.”

‘मालवणी जेवण’ असं लिहायचं होतं. मा-ल-व-णी चार, जे-व-ण तीन. म्हणजे चार-चारच्या दोन ओळी आणि शेवटचं घर रिकामं. चौकोन साडेदहा इंचांचा धरला. मागच्या बाजूचा गंज घासून रेड ऑक्साइड मारलं, वाळू दिलं, दुसऱ्या दिवशी पांढरा हात दिला. खरी अडचण पुढे आली. इंग्रजी कॅपिटल अक्षरं सगळी एका उंचीची, घरात गच्च बसतात. आपल्याकडे ‘णी’ची वेलांटी आणि ‘जे’ची मात्रा रेघेच्या वर जाते. नुसतं ‘ल’ घरभर मोठं काढलं तर शेजारचं ‘णी’ बारकं पडतं. शिवाय शिरोरेषा अक्षरं जोडते आणि चौकोन ती तोडतात. दोनदा खडूने काढून पुसलं. शेवटी प्रत्येक घरात वरून तीन इंचांवर शिरोरेषा ठरवली, एक इंच जाड, घराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. काळ्या घरात ती पांढरी, पांढऱ्यात काळी. चारही घरांतून एकच रेघ रंग बदलत धावायला लागली तेव्हा ब्रश खाली ठेवून मी रस्त्यापलीकडे गेलो आणि तिथून पाहिलं. अक्षरं सुटी होती आणि शब्द तुटला नव्हता. उस्ताद असते तर त्यांना हात धरून दाखवायला आणलं असतं.

आठवं घर काळं. सुरमई काढून पाहिली, ती लांबोडी, चौकोनात अंग चोरून बसल्यासारखी दिसली. सरंगा बरोबर बसला, त्याचा आकारच चौकोन तिरका धरल्यासारखा. चंदेरी रंगात काढला. डोळ्याचा काळा ठिपका तात्यांनी स्वतः दिला, माझ्या बारीक ब्रशने, श्वास रोखून.

बोर्ड भिंतीला ठोकला नाही. खांबाला आडवा लावलाय. देवबागेकडे जाताना मालवणी जेवण दिसतं, परत येताना चौदा चौकोन.