ओटीपी टोरांटोला गेला

“तिकडं आत्ता रात्रीचा एक वाजलाय. एवढ्याशा कामासाठी पोराची झोप कशाला मोडू?”

बँकेत माझ्यापुढं उभ्या असलेल्या काकू. पेन्शन चालू राहावी म्हणून दर नोव्हेंबरला द्यायचा हयातीचा दाखला ऑनलाइन भरायचा होता आणि ओटीपी गेला टोरांटोला. आईला कुणी फसवू नये म्हणून लेकानं तिच्या खात्याला स्वतःचा इथला नंबर जोडलाय, रोमिंगवर चालू ठेवलाय.

काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “उठवा हो, दोन मिनिटांचं काम.” काकू पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. फोन काही बाहेर काढला नाही.

शेवटी मागच्या टेबलावरच्या मॅडमनी कागदी फॉर्म दिला, समोर सही घेतली. झालं काम! ही सोय आहेच, पण आधी सांगेल तर शपथ.

तशा सोयी कमी नाहीत. डिजिटल दाखला २०१४ पासून आहे, २०२१ पासून चेहरा दाखवूनही होतो. केंद्र सरकारच्या ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांना नोव्हेंबरची वाट बघायला नको, १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या मुलांसाठी २००७ चा कायदा आहे, पोटगीसाठी अर्ज करता येतो.

पण हा लेक तर सांभाळतोय! पैसे पाठवतो, रोज व्हिडिओ कॉल करतो (काकूंनीच कौतुकानं सांगितलं). त्याची काळजीच आडवी आली. आणि त्या अजून धडधाकट आहेत, स्वतः रिक्षा करून आल्या होत्या. मग त्यांच्या पेन्शनची किल्ली त्यांच्याच हातात का नको?

तुमच्या आईवडिलांच्या खात्याला कुणाचा नंबर जोडलाय?