देवमाशावरची लाल फुली

"मॅडम, माहे दोन मार्क काऊन कापले?"

स्टाफरूमच्या दारात बी.एस्सी.चा पोरगा. एका हातात युनिट टेस्टचा पेपर, दुसऱ्यात प्लास्टिकची पिशवी. प्रश्न होता, समखुरी, म्हणजे पायाला सम संख्येने खूर असलेल्या, प्राण्यांची उदाहरणं लिहा. याने लिहिलं होतं शेळी, डुक्कर, देवमासा. देवमाशावर माझी ठसठशीत लाल फुली.

त्याच्या बाबांचं गोळीबार चौकाकडे सावजी भोजनालय आहे. पिशवीतून त्याने खुरांच्या रश्श्यातलं एक हाड काढून टेबलावर ठेवलं. घासूनपुसून आणलेलं, तरी मसाल्याचा वास होताच. घोट्याचं हाड. वरच्या टोकाला कप्पीसारखी खाच, खालच्या टोकालाही तशीच. कपाटातल्या सशाच्या सांगाड्यात पाहिलं तर तिथे कप्पी फक्त वर, खाली नुसता गोलवा. दुहेरी कप्पी म्हणजे समखुरींचं आधार कार्ड, हे दरवर्षी मीच शिकवते!

"अरे, पण देवमाशाला पायच नाहीत. घोटा कुठून आणलास?"

"आता नाही जी मॅडम, आधी होते न."

मग त्याने मोबाइल पुढे केला. 2001 साली पाकिस्तानातल्या पाय असलेल्या देवमाशांच्या जीवाश्मांचं वर्णन छापून आलं. वय सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षं, आणि घोट्यात हीच दुहेरी कप्पी. डीएनए तर आधीपासूनच सांगत होता की पाणघोड्याचं नातं डुकरापेक्षा देवमाशाशी जवळचं. मग देवमाशाला बाहेर ठेवून समखुरी गण पुरा होणार कसा? माझ्या नोट्स मात्र एम.एस्सी.च्या काळातल्या. त्यांत देवमासे मेसोनिकिड नावाच्या मांसाहारी खुरवाल्यांपासून आलेले. तो अंदाज मुख्यतः दातांवरून बांधलेला. देवमासे आणि समखुरी यांच्या एकत्र गणाचं 'सीटार्टिओडॅक्टिला' हे नाव कानावर होतं, पण सिलॅबसात नाही म्हणून मी तिकडे वळलेच नव्हते.

त्या रात्री वाचत बसले. जम्मूतल्या कालाकोटचे जीवाश्म असलेले दगड भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेले. ते गेल्यावर पत्नीने ते हान्स थेविसन या संशोधकाकडे सोपवले. साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत देवमाशासारखं जाड भिंतीचं कानाचं हाड! 2007 साली ते जगासमोर आलं. प्राणी जेमतेम मांजराएवढा, बारीक पायांचा समखुरी: इंडोहायस.

सकाळी फुली खोडून दोन मार्क दिले, शेजारी सही केली. मग उरलेला गठ्ठा पुन्हा सोडून सगळे पेपर चाळले. देवमासा आणखी कुणीच लिहिला नव्हता.