तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्क रिकामी, तरी ‘जागा नाही’ का?

फोन उचलला की ‘हॅलो’च्या आधी हाच प्रश्न येतो. ‘भाऊ, डिस्क अर्धी मोकळी आहे, तरी डेटाबेस म्हणतो नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. असं कसं?’ मी जळगावात बसून जिनिंगवाल्यांची, केळीच्या व्यापाऱ्यांची आणि दोन-चार दालमिलवाल्यांची सॉफ्टवेअरं सांभाळतो. सगळीकडे डॉकरमध्ये पोस्टग्रेस. पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस, आणि डॉकर म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरात, चालवायची सोय. त्यामुळे विचारणारे बदलतात, प्रश्न तोच राहतो. दर वेळी फोनवर अर्धवट सांगतो, आज नीट लिहितो.

मला स्वतःला याचं उत्तर एका जिनिंगवर मिळालं, तेही काट्यावरच्या माणसाकडून. दिवाळी होऊन गेलेली, कापसाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत. काटापट्ट्या सुरळीत निघत होत्या, पण शेठना बँकेसाठी तीन सीझनचा शेतकरीवार हिशोब हवा होता आणि तो रिपोर्ट दर वेळी आपटत होता. लॉगमध्ये शेवटी तेच वाक्य: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. मी सर्व्हरवर डीएफ, म्हणजे मोकळी जागा दाखवणारी कमांड, चालवून पाहिलं. 500 जीबीच्या डिस्कवर निम्म्याहून जास्त जागा मोकळी. तरीही मी साफसफाईला लागलो. डॉकरच्या जुन्या इमेज उडवल्या, बिल्ड कॅश उडवली, जुने बॅकअप दुसरीकडे हलवले. दोन तास. रिपोर्ट पुन्हा आपटला.

चहा घेऊन आलेल्या काटेवाल्याला मी वैतागून सांगितलं, की एवढी जागा पडली आहे आणि हे म्हणतंय जागा नाही. त्यानं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, ‘मंग काय झालं भाऊ? आपलं आवार रिकामं पडेल शे, पन काटावर येकच ट्रॉली उभी ऱ्हास.’

मग मी मेसेज पहिल्यापासून वाचला. इतका वेळ मी फक्त त्याची शेपटी वाचत होतो. सुरुवातीला स्वच्छ लिहिलं होतं: ‘कुड नॉट रिसाइझ शेअर्ड मेमरी सेगमेंट’, आणि पुढे बाइटचा आकडा, 6 कोटी 71 लाखांच्या वर. म्हणजे 64 एमबी. पोस्टग्रेस मोठी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, वाटून घेतो, तेव्हा त्याचे दोन-तीन कामगार (प्रोसेस) एकमेकांशी बोलायला शेअर्ड मेमरी वापरतात. लिनक्समध्ये ती /डेव्ह/एसएचएम मध्ये असते. ती डिस्कवर नसतेच, रॅममध्ये असते. आणि डॉकर प्रत्येक कंटेनरला, तुम्ही काही सांगितलं नाही तर, फक्त 64 एमबी देतो. काटा तेवढाच. आवार कितीही मोठं असो.

‘काल तर चालत होतं’ हे तुम्ही म्हणणारच. माझंही चालत होतं. पण आठवडाभरापूर्वी रिपोर्ट जलद व्हावा म्हणून मीच वर्क-मेम, म्हणजे क्वेरीच्या कामाला मिळणारी मेमरी, 4 एमबीवरून 64 वर नेलं होतं. पोस्टग्रेस 11 पासून, म्हणजे 2018 पासून, पॅरलल हॅश जॉईन, म्हणजे दोन टेबलं जुळवायची वाटून घेतलेली पद्धत, आला आहे. त्यात सगळे कामगार मिळून एकच हॅश टेबल बांधतात आणि ते याच शेअर्ड मेमरीत बसतं. वर्क-मेम वाढवलं की टेबल मोठं होतं, आणि काटा मोडतो. आणखी एक फसवणूक अशी, की क्वेरी आपटली की ती मेमरी लगेच सुटते. नंतर कंटेनरच्या आत शिरून पाहिलं तरी तिथं वापर जवळजवळ शून्य दिसतो. बघायचं असेल तर क्वेरी चालू असतानाच बघायला हवं.

उपाय एका ओळीचा. कम्पोजच्या फाइलमध्ये, म्हणजे कंटेनर कसे उभे करायचे ते लिहिलेल्या फाइलमध्ये, त्या सर्व्हिसखाली एसएचएम-साइझ 1 जीबी लिहा आणि कंटेनर नव्यानं उभा करा. नुसतं रिस्टार्ट करून तो बदल लागत नाही, यात मी आणखी पाऊण तास घालवला. ट्रॉल्या उभ्या आहेत आणि डेटाबेस बंद करता येत नाही, अशी वेळ असेल तर त्या रिपोर्टच्या सेशनपुरती पॅरलल कामगारांची संख्या शून्यावर न्या. हळू निघेल, पण निघेल.

आता खरोखर डिस्क भरते ती प्रकरणं. यात पहिला मानकरी डेटाबेस नसतोच, डॉकरचे लॉग असतात. नेहमीच्या जेसन-फाइल पद्धतीत लॉगला कमाल मर्यादाच नसते. केळीच्या एका व्यापाऱ्याकडे प्रत्येक क्वेरी लॉग करायचं कुणीतरी चालू ठेवलं होतं. डेटा 6 जीबी आणि लॉग 90. मॅक्स-साइझ आणि मॅक्स-फाइल या मर्यादा लावून टाका, पण ते नव्यानं बनलेल्या कंटेनरलाच लागू होतात. आणि मोठी झालेली लॉग फाइल आरएमनं, म्हणजे डिलीटच्या कमांडनं, उडवू नका. डॉकरनं ती उघडी धरलेली असते. नाव जातं, जागा सुटत नाही. मग फाइलींची बेरीज करणारा डीयू एक सांगतो, डीएफ दुसरंच, आणि माणूस भुताखेतावर विश्वास ठेवायला लागतो. ती लॉग फाइल ट्रंकेट कमांडनं शून्यावर आणा.

डीएफमध्ये थोडी जागा दिसते पण लिहिता येत नाही, असंही होतं. लिनक्सची ईएक्सटी4 फाइल सिस्टीम साधारण 5 टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मुख्य युजरसाठी, राखून ठेवते. 500 जीबीवर ती 25 जीबी होते, आणि कंटेनरातला पोस्टग्रेस रूट म्हणून चालत नाही. कधी आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीचे खण, संपलेले असतात. डीएफला हायफन आय लावून बघा, दहा सेकंदांचं काम.

‘मागचा सीझन डिलीट केला, तरी जागा का नाही सुटली?’ कारण डिलीटनं ओळी फक्त मेलेल्या म्हणून धरल्या जातात. व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची झाडलोट, ती जागा त्याच टेबलाला पुन्हा वापरू देतो, डिस्कला सहसा परत देत नाही. परत देतो व्हॅक्यूम फुल, पण तो टेबलाची नवी प्रत लिहून मग जुनी टाकतो. म्हणजे जागा संपल्यावर जागा करायला जागा लागते. घर पाडून बांधताना राहायला दुसरं घर लागतं, तसंच.

आणि कृपा करून, घाबरून कम्पोज डाउन या कमांडच्या मागे हायफन व्ही लावू नका. त्यानं जागा होते, अगदी भरपूर होते. कारण डेटा ठेवलेला व्हॉल्यूमच जातो.

शेवटचं प्रकरण माझ्याच घरचं. मी भुसावळला फलाटावर गाडीची वाट बघत होतो. ऑफिसातल्या पोराचा फोन. ‘दादा, डेटाबेस बंद पडलाय. पीजी-वॉल नावाचं फोल्डर 180 जीबीचं झालंय. लॉगच दिसतात, उडवू का?’ मी इतक्या जोरानं ‘नको’ म्हणालो की बाकावरच्या आजी सरकून बसल्या. वॉल म्हणजे डेटाबेसचं कच्चं खातं. नोंद आधी तिथं पडते, मग टेबलात. ते हातानं उडवलं की डेटाबेस उठायचाच नाही, उठला तर हिशोब चुकलेला. 2017 मध्ये पोस्टग्रेस 10 नं या फोल्डरचं नाव एक्सलॉगवरून वॉल केलं ते याचसाठी: ‘लॉग’ शब्द बघून लोक उडवायचे.

दर डिस्कवर मी 2 जीबीची एक बिनकामाची फाइल जागा अडवायला टाकून ठेवतो, अशाच दिवसासाठी. त्याला ती उडवायला सांगितली. तेवढ्या जागेत डेटाबेस उठला. मग रेप्लिकेशन स्लॉटची, म्हणजे डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतींसाठी राखलेल्या खुणांची, यादी काढायला लावली. त्यात एक स्लॉट बंद, कित्येक महिन्यांपासून. धुळ्याला ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीसाठी तो बनवला होता. ती प्रत ‘मी इथवर वाचलं’ असं कळवत नाही, तोवर मूळ डेटाबेस वॉलची 16 एमबीची एकेक फाइल तिच्यासाठी राखून ठेवत जातो. पोस्टग्रेस 13 पासून यावर मर्यादा घालता येते, मॅक्स-स्लॉट-वॉल-कीप-साइझ; पण न सांगता ती अमर्यादच असते, आणि मी सांगितलं नव्हतं.

स्लॉट उडवला, चेकपॉइंट घेतला, म्हणजे कच्च्या नोंदी टेबलात पक्क्या केल्या. फाइली आपल्या आपण जाऊ लागल्या, पोरगा आकडे वाचून दाखवत होता. 140. 60. मग दीड जीबी.

‘दादा, पण ते धुळ्याचं मशीन बंद केलं कोणी?’

‘मी. मागच्या उन्हाळ्यात उचलून आणलं.’

‘मग आहे कुठं?’

‘तू पाय ठेवून बसतोस ना, त्या टेबलाखाली,’ मी म्हणालो आणि गाडीत चढलो.