दोन फाटकं

मराठी माणूस कुणाच्या घरून एका झटक्यात निघत नाही. "चला, येतो" हे एकदा सोफ्यावरून म्हणायचं, मग चपला घालताना, मग जिन्याच्या पहिल्या पायरीवरून. खरा विषय निघतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या "येतो"च्या मध्ये. कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, रीडेव्हलपमेंटचं घोडं कुठे अडलं, हे सगळं एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून. आत तासभर बसून जे बोलणं झालं ते नुसतं पोह्यांबरोबर तोंडी लावायला. आमच्या कोथरूडच्या घरात दाराशी बोलणाऱ्यांसाठी एक वेगळा पंखा बसवू या, असं हे नेहमी म्हणतात.

ही जन्माची सवय घेऊन मी लेकीकडे कॅलिफोर्नियात येते, फ्रीमाँटला, आणि संध्याकाळी बुंदीला डॉग पार्कमध्ये, म्हणजे कुत्र्यांना मोकळं सोडायच्या कुंपणातल्या बागेत, नेण्याचं काम माझ्याकडे लागतं. बुंदी म्हणजे लेकीची कुत्री. शेल्टरमधून आणलेली, अर्धी लॅब्राडॉर, उरलेली अर्धी कोण ते देवाला ठाऊक. आणि त्या पार्कात सगळ्यात जपून वागायची जागा कुठली, तर दार.

आमच्या पार्काला, इथल्या बऱ्याच पार्कांना असतात तशी, दोन फाटकं आहेत. पहिलं उघडून आत शिरायचं, ते लावायचं, खिट्टी नीट बसली का हे ओढून बघायचं. मग मधल्या एवढ्याशा चौकोनात कुत्र्याची लीश, म्हणजे गळपट्ट्याची दोरी, काढायची आणि त्यानंतरच दुसरं फाटक उघडायचं. दोन्ही एका वेळी उघडी राहिली की एखादा उत्साही जीव थेट पार्किंगमध्ये आणि तिथून रस्त्यावर. एवढं कुणालाही समजतं. लीश तिथेच का काढायची, हे मात्र भल्याभल्यांना पटत नाही. "आधी आत तर जाऊ दे, जरा अंदाज घेऊ दे," असं म्हणून लोक कुत्र्याला बांधलेलंच आत नेतात. आता त्या कुत्र्याच्या जागी उभं राहून बघा. समोरून पाच-सहा जण मोकळे धावत येताहेत, हुंगताहेत, आणि आपल्याला ना बाजूला होता येतंय, ना मागे. मान ताणलेली, त्यामुळे छाती आपोआप पुढे. खरं तर घाबरलेलं असतं बिचारं, पण समोरच्यांना वाटतं हा भांडायलाच आलाय. पळायची सोय नसली की कुत्रा दात दाखवतो. पळायची सोय असली तर बहुतेक वेळा नुसता पळतो.

कारण नवीन कुणी आला की आतले सगळे फाटकाशी गोळा होतात. कुत्रेच ते, चौकशी करणारच. अशा वेळी आतल्या माणसांनी आपापल्या कुत्र्याला हाक मारून लांब घ्यायचं आणि येणाऱ्याला पाय टाकायला जागा द्यायची. गर्दी फारच असेल तर येणाऱ्यानेच बाहेर दोन मिनिटं थांबायचं. आणि आत आल्यावर? चालायला लागायचं. ही माझी लाडकी युक्ती आहे आणि तिला पैसा पडत नाही. माणूस चालत राहिला की कुत्रा त्याच्यामागून येतो, हुंगणारे हुंगत येतात, घोळका आपोआप सैल होतो. माणूस फाटकाशी गप्पा मारत उभा राहिला की कुत्राही तिथेच, त्याच्याभोवती बाकीचे, आणि त्यात पुढच्याचं आगमन. मी बघितलेल्या गुरगुराटांपैकी बहुतेक फाटकापासून हातभर अंतरावरचे. त्यात आमच्या पार्कातलं सावलीतलं एकुलतं एक बाक कुणा शहाण्याने अगदी फाटकाला लागून ठेवलंय. तिथे आमची सगळी आंतरराष्ट्रीय मंडळी बसते: एक पंजाबी आजोबा, दोन चिनी आज्या, मालाडचे एक काका. शब्दाला शब्द फारसा जुळत नाही, तरी गप्पा थांबत नाहीत. मी त्यांना बाकावरून उठवायचा प्रयत्न सोडून दिलाय. मी आपली चालते.

चालण्याचा दुसरा फायदा म्हणजे डोळे मोकळे राहतात. "शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे" हे आपण लहानपणापासून ऐकलेलं अर्धंच खरं. सैलसर, सगळं अंग घुसळत हलणारं शेपूट खुशीचं. ताठ, उंच उभं राहून वरच्या वर थरथरणारं शेपूट दिसलं की समजावं, इथे ताण आहे. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच करणं हे खेळाचं निमंत्रण. ते एकदा दिलं की नंतरची गुरगुर, झोंबाझोंबी, मानेला तोंड लावणं हे सगळं त्या निमंत्रणाच्या हिशेबात धरायचं. झोप आलेली नसताना जांभई, खाणं समोर नसताना ओठ चाटणं, मान दुसरीकडे वळवून "मी पाहतच नाहीये" असा चेहरा, हे "बाबा रे, जरा दमानं" म्हणण्याचे प्रकार. तुरिड रूगोस या नॉर्वेच्या बाईंनी अशा खुणांचा बारकाईने माग ठेवला, आणि आता इथले बरेच ट्रेनर त्यांचीच भाषा बोलतात.

दोघांपैकी एक सतत पाठलाग करतोय आणि दुसरा सतत पळतोय, मग हा खेळ की छळ? पाठलाग करणाऱ्याला त्याच्या मालकाने क्षणभर धरून ठेवावं. पळणारा परत फिरून "का रे थांबलास?" म्हणत आला तर खेळ. संधी साधून कुंपणाच्या टोकाला निघून गेला तर त्याला नको होतं. इतकी सोपी परीक्षा, पण ती घ्यायला मालकाची मान फोनमधून वर यावी लागते.

आमच्याकडे लहान कुत्र्यांचं कुंपण वेगळं आहे. त्यामागे लहानांचा अपमान नाही. केकाटत पळणारा चार किलोचा जीव पाहून तीस किलोच्या शांत कुत्र्याच्याही डोक्यात एखाद्या क्षणी शिकार जागी होऊ शकते, आणि मग त्याला दोष देण्यात अर्थ नसतो. तरीही "आमच्याला मोठ्यांतच आवडतं हो" म्हणत चिवावा घेऊन मोठ्यांच्या बाजूला येणारे असतातच. त्यांच्याशी वाद घालण्यात मला रस नाही, मी बुंदीला घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात जाते. याच कारणाने माझी नात कुंपणाबाहेर उभी राहून बघते. लहान मूल पळतं, किंचाळतं, हातात बिस्कीट धरतं, आणि तिच्या तोंडाची उंची नेमकी कुत्र्याच्या तोंडाएवढी. "आज्जी, मी मोठी झाले की येईन ना?" हो बाई, येशील.

बिस्किटावरून आठवलं. आत खाऊ न्यायचा नाही, आणि घरची लाडकी चिरकणारी खेळणीही नाहीत. घरी अगदी उदार असलेला कुत्रा अनोळखी घोळक्यात एका चेंडूवरून सावकार होतो. पाणी आणि वाडगं आपलं आपण न्यावं. सामाईक वाडग्यातून पोटाचे जंतूही सामाईक होतात. काट्यांचे किंवा आवळणारे गळपट्टे आधी काढावेत, कारण कुस्तीत दुसऱ्याचा जबडा त्यात अडकला की दोघंही घाबरून ओढतात आणि एक गुदमरतो. विष्ठा उचलायची पिशवी तर आता खिशात रुमालाच्या जागी असते.

कुणाला आणूच नये, हेही दाराबाहेरच ठरवायचं. लसी पूर्ण न झालेली पिल्लं नकोतच. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि पिल्लाला दोन-चार दिवसांत नेऊ शकतो. माजावर आलेली कुत्री नको, ते उघड आहे. खोकणारा, जुलाब लागलेला नको. रेबीजची लस इथे तीन महिन्यांवरच्या कुत्र्याला कायद्यानेच सक्तीची आहे. आणि ज्याला मुळात आवडत नाही, तोही नको. हे शेवटचं माणसांच्या गळी उतरवणं फार कठीण. पाय दुखणारा म्हातारा कुत्रा, गर्दीत थरथरणारा कुत्रा, त्याला "सोशल" करायला आणतात आणि तो बाकाखाली बसून राहतो. आपल्या घरातल्या अबोल मुलाला लग्नात नाचायला ढकलणारे काका-मामा आठवतात मला. रस्त्याकडेला निवांत हुंगत केलेली अर्ध्या तासाची फेरी अशा कुत्र्याला शंभर पट आवडेल.

मारामारी झालीच तर मध्ये हात घालायचा नाही, गळपट्टाही धरायचा नाही. चावा बहुधा सोडवणाऱ्याच्याच हाताला बसतो. आधी मोठा आवाज, पाण्याची बादली. अगदीच नाइलाज झाला तर दोघांच्या मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय धरून उलट दिशेने मागे ओढावं असं ट्रेनर सांगतात. एकानेच ओढलं तर दुसऱ्याला आयती संधी मिळते. माणसाला दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली जखम पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट डॉक्टर गाठायचा. हळद-चुना वगैरे घरी राहू दे.

निघायचं कधी? खेळ रंगात असताना. दमलेला कुत्रा चिडका होतो, उन्हाने तापलेला त्याहून जास्त. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना तर धाप लागायला वेळ लागत नाही. पण बोलावलं की येईल तर ना! जो मालक फक्त घरी जातानाच हाक मारतो, त्याच्या हाकेचा अर्थ कुत्र्याला दोनच दिवसांत कळतो. म्हणून लेकीने मला शिकवलंय तसं मी मधूनमधून बुंदीला बोलावते, लीश अडकवते, पाठ थोपटते आणि पुन्हा सोडून देते. कुठली हाक शेवटची हे तिला कधीच कळत नाही. गाडीत बसवण्याआधी पंजे, बोटांमधल्या फटी, कान तपासायचे. इथलं गवत उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाळलं की त्याची कुसळं सुटतात, आणि या कुसळांचे काटे एकाच दिशेचे असल्याने ती कातडीत शिरली की पुढेच सरकतात, मागे येत नाहीत.

लेकीने एका रविवारी बर्कलीला नेलं, ओलोनी पार्कमध्ये. कुत्र्यांसाठी 1979 साली तिथे वेगळं कुंपण घातलं गेलं आणि ते अमेरिकेतलं पहिलं डॉग पार्क मानतात. खालून बार्टची, म्हणजे इथल्या मेट्रोची, गाडी बोगद्यातून जाते. त्या बोगद्याच्या बांधकामानंतर वरची जमीन मोकळी पडली होती, त्या पट्ट्यात ही बाग झाली. बघायला काही विशेष नाही. आपल्याकडे हैदराबादच्या कोंडापूरमध्ये महापालिकेने 2018 मध्ये सव्वा एकराच्या आसपास जागेवर खास कुत्र्यांचं पार्क उघडलं, तेही पूर्वी कचरा पडायचा त्या जागी. कुत्र्यांच्या वाट्याला माणसांना नकोशी झालेली जमीन येते, दोन्हीकडे सारखंच. तक्रार नाही, जमीन आली हे महत्त्वाचं.

पुण्यात हा प्रश्न निराळा, कारण आपल्याकडे पाळीव कुत्रा सोसायटीच्या गेटबाहेर पाऊल टाकतो तो दुसऱ्यांच्या हद्दीत. गल्लीतले चौघं रोज तिथेच बसलेले, आणि हा लीशला बांधलेला. फाटकाचंच दुखणं, फक्त कुंपण उलट बाजूला. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ये-जा करण्याच्या दारांपासून, जिन्यांपासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब ठरवावी असं म्हटलंय. नियम लिहिणाऱ्यांपैकी कुणीतरी संध्याकाळच्या वेळी एखाद्या सोसायटीच्या गेटवर नक्की उभं राहिलेलं असणार. आमच्या सोसायटीत मात्र वॉचमनच्या खुर्चीशेजारीच दूध-पोळी ठेवली जाते, कारण तिथे ठेवणाऱ्याला सोयीचं पडतं.

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला. मागच्या बाजूचा, गणपतीच्या मांडवासाठी राखून ठेवलेला तुकडा वर्षातले साडेअकरा महिने रिकामाच असतो, तिथे कुत्र्यांसाठी कुंपण घालायचं का? पाठोपाठ बावीस मतं. कुणाला वासाची काळजी, कुणाला भुंकण्याची, एकाला बाप्पाच्या जागेच्या पावित्र्याची, तर एकाने "माणसांना पार्किंग नाही" हे नेहमीचं टाकलं. मग सेक्रेटरींनी मला वेगळं विचारलं, "वहिनी, तुम्ही तिकडे बघताय रोज, काय काय लागेल?" मी लिहिलं, दोन फाटकं, मध्ये दोन माणसं आणि दोन कुत्री मावतील एवढी जागा, लहानांसाठी आडवं एक कुंपण, पाण्याचा नळ, सावली. लस झाल्याचं कार्ड बघितल्याशिवाय कुणाला आत घेऊ नका.

त्यांचं उत्तर आलं, एक फाटक आत्ता करू, दुसरं पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये बघू. मी लिहिलं, मग कुंपणही पुढच्या वर्षीच घाला. बराच वेळ काही नाही. नंतर, "बरं, दोन करू. देणगीदार बाक द्यायला तयार आहेत, नाव कोरून. गेटपाशीच ठेवू ना, येता-जाता दिसेल?"

मी लिहिलं, फाटकापासून जितकं लांब जमेल तितकं. आणि नाव हवं तेवढं मोठं कोरा.